पोर्ट चोवीस

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. दुपारचे दोन.
पत्रा असा तापलेला की हातात पकड धरवत नाही.
वाटणी झाली, शेडमधे भिंत आली,
स्विच मात्र एकच राहिला, भिंतीच्या डोक्यावर,
निम्मा नरसप्पांचा, निम्मा व्यंकटस्वामीचा.

"दुसरा कशाला घ्यायचा?" थोरले म्हणाले.
"फक्त त्याचं मला दिसू नये, माझं त्याला."

मी शिडीवर. लॅपटॉप वरच्या पायरीवर.
एक ते बारा इकडे, तेरा ते तेवीस तिकडे,
बाहेर जायला सगळ्यांना चोवीस.
जगाशी बोला, शेजाऱ्याशी नाही.
खाली फणीच्या दातांतून
उभे धागे असेच निघाले होते,
अंगाला अंग न लावता, टॉवेल होईपर्यंत.

इकडून तिकडे पिंग मारला.
गेला तो गेलाच.
"झालं," म्हणालो.
दोघांनी वेगवेगळे अडीचशे दिले,
धाकट्याने सुट्टे.

उतरतो तोच पलीकडचा एक माग थांबला.
नरसप्पांचा चहाचा कप ओठांपाशी तसाच,
कान भिंतीकडे.
"चार नंबर. धोटा अडकतो त्याचा,"
ते मला म्हणाले, की कुणालाच नाही.

खडखड पुन्हा सुरू झाली,
तेव्हा प्याले.