बोटीमागे कोण

विभागाला यंदा एकच मिळाला:
चहूबाजूंनी पाहणारा, लिंबाएवढा कॅमेरा,
आणि ते पाहायला
डोळ्यांवर बांधायचा एक जड डबा.
हरवल्यास पगारातून, असं छापलेल्या कागदावर
मी सही केली, तारखेसकट.

किसुमूहून व्हॅननं सव्वा तास.
सरोवराच्या काठी जाळ्यांवर
ओमेना वाळत घातलेली, जवळ्याहून थोडी मोठी,
कुणाची तरी चिल्लर सांडल्यासारखी चकाकत.
ओकिन्यीनं मधोमध काठी रोवली,
काठीवर कॅमेरा बसवला, आणि म्हणाला,
सर, लपा.

कारण या कॅमेऱ्याला पाठ नाही.
त्याच्या मागे उभं राहायची सोयच नाही कुणाला.
नऊ वर्षं मी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आलोय:
बातमीदार चौकटीबाहेर असतो.
आता चौकटच नाही म्हटल्यावर
पळालो सगळे.
नेकेसा मिठाच्या पोत्यांआड,
दोघं संडासात,
जेप्कोरिर खड्ड्यांनी हैराण, ती व्हॅनमधून उतरलीच नव्हती,
तिनं नुसतं डोकं खिडकीखाली घेतलं.
मी एका पालथ्या बोटीमागे, उकिडवा,
एक बूट पाण्यात.

सतरा मिनिटं.
बायकांची घासाघीस, मापाऱ्याची हाळी,
जलपर्णीत अडकून खोकणारं एक इंजिन.
मला दिसत होतं ते फक्त बोटीचं डांबर.

मग दाखवायचं ठरलं. आधी कुणाला?
मिन ओदिराला, म्हणजे ओदिराच्या आईला.
या काठावर तिच्याआधी कुणी काही पाहत नाही.
तिनं डोक्याचं फडकं सोडलं, डबा बांधून घेतला,
हात उगारून एक करकोचा हाकलला
जो तिथे नव्हता.
मुलं हसली. ती नाही.
आपल्या टोपल्या मोजल्या, बोटानं, हवेत.
आणि वळली.
वळून बघा असं कुणी सांगितलं नव्हतं,
माणूस वळतोच.
हा कोण? बोटीमागे,
कोंबडीचोरासारखा बसलाय तो?

काय हशा. मीही हसलो, हसावं लागतं.
डबा माझ्याकडे आला. पाहिलं:
टक्कल, ओला बूट,
आणि हे मला आठवतही नव्हतं,
हातात फोन.
सरोवर माझ्या पाठीशी, आणि मी फोन बघतोय.

नेकेसा म्हणाली, सर, पुसून टाकते तुम्हाला.
लॅपटॉपवर दोन मिनिटांचं काम,
तुमच्या जागी पाणी भरायचं. कळणारही नाही.
मी हो म्हणणार होतो.

मिन ओदिरा फडकं पुन्हा बांधत होती.
राहू दे त्याला, म्हणाली, आवाज खाली घेऊन.
काटा आज सरळ होता.
रोज किलोमागे मूठभर खातो मापारी,
आज नाही खाल्ली.
का नाही, ते बोटीमागे बसलंय.
त्याला पुसलंत
तर बघणारे म्हणतील, इथला काटा असाच असतो.

निघताना तिनं एक माप ओमेना दिली.
पैसे घेतले, पुरते.

परतताना व्हॅनभर तोच वास.
फाइलला नाव काय देऊ, ओकिन्यी विचारत होता.
मी म्हटलं: पुढच्या शुक्रवारी
कॅमेरा नाही, कॉलेजची व्हॅन नाही,
मटाटूचं भाडं ज्याचं त्यानं,
नुसता काटा बघायला कोण येतं?
याला गुण नाहीत.

आहेरो येईपर्यंत कुणी बोललं नाही.
मग मागच्या सीटवरून, तोंडाला रुमाल लावलेली जेप्कोरिर:
सर,
मापाऱ्यानं मला पाहिलेलं नाही.