नावाला बारा घरं

मे महिना. फळीवर तेंदूपानांचे पुडे ओळीनं वाळत पडलेले
आणि मी ग्रामसभेच्या खोलीत, तापल्या पत्र्याखाली,
सी मधून नावं छापायला बसलेलो.

पहिल्या कागदावर मथळा ठसठशीत, इंग्रजीत.
खाली कोरं.
मथळ्याला साधा प्रिंटएफ वापरला होता,
खालच्या नावांना डब्ल्यू-प्रिंटएफ.
वाट एकदा बाइटांची झाली
की रुंद अक्षरांना अंगावर घेत नाही.
ओरडतही नाही. गुपचूप उणे एक परत करते,
आणि परत आलेलं मी कुठं वाचत होतो?

दुसऱ्या कागदावर सगळी प्रश्नचिन्हं.
सेट-लोकेल लिहायचं राहिलं.
आपण कुठल्या मुलखात उभे आहोत
हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.
तेवढ्यात वीज गेली. बाहेर माणसं खोळंबलेली.
तोच कागद भिंतीला लावला.

जानो मट्टामी आली. "माहं कोनतं जी?"
म्हटलं, आधी चार, मग सात.
तिनं बोटानं मोजली. पुढचा आकडा विचारला: दोनशे दहा पुडे.
"बराबर हाय."
आणि अंगठा टेकवला
शेवटच्या प्रश्नचिन्हाला लागून.

रात्री वीज आली. एक ओळ वाढवली, नावं उमटली,
पण आकड्यांचा रकाना वाकडा, म्हशीनं घासलेल्या कुंपणासारखा.
प्रत्येक आडनावाला बारा घरं दिली होती.
मट्टामीनं सात घेतली, हिचामीनं सहा, इरपानं चार.
डोळ्यांना तिघांचीही अक्षरं तीनच.
काना वेगळा धरलेला, वेलांटी वेगळी,
ट चा पाय मोडला
तर मोडल्याचंही एक घर.

सकाळी फळीवर जानोला विचारलं,
सत्तर पानांचा पुडा बांधता, देठ मोजता का?
तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.
"देठ पानाचाच असते ना बाप्पा."

मग मोजायचं काम यंत्राकडून काढून घेतलं.
काना शून्य. वेलांटी शून्य.
पाय मोडलेला ट पुढच्या ट च्या खांद्यावर.
दुपारी कागद निघाला, सरळ, ओळंब्यात.
भिंतीवरचा जुना काढायला गेलो
तर चार खिळे तेवढे होते.
जानोनं नेला म्हणे. चुलीला नेला असेल.
चुलीला एवढा जपून, गुंडाळी करून?

नव्या कागदावर उसेंडींचा आकडा
अजून एक घर अलीकडं येतो.
अनुस्वार शून्यात धरायचा राहिला.