मौन, डॉक्टरांच्या सल्ल्याने

उजळणी वर्गाच्या पहिल्या दिवशी
मी पदराला टाचणीनं चिठ्ठी लावून गेले:
'घशावर उपचार चालू. पंधरा दिवस बोलणे बंद.'
समन्वयक हसले. म्हणाले, प्राध्यापक आणि मौन,
मग तुमचं प्रशिक्षण झालंच की.

एकवीस वर्षं सेलूच्या कॉलेजात भौतिकशास्त्र.
एकशे वीस पोरं, चार पंखे,
त्यातला एक मळणीयंत्रासारखा.
त्याच्यावर आवाज चढवत चढवत
ध्वनीचं प्रकरण शिकवलं मी:
कंप पावणारी वस्तू, माध्यम, ऐकणारा कान.
डॉक्टरांनी पडद्यावर माझेच स्वरतंतू दाखवले,
वर ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन गाठी.
कंप पावणारी वस्तू
इतकी दमलेली असेल असं वाटलं नव्हतं.

मार्चचा शेवट. विष्णुपुरीतलं सभागृह.
सकाळी सुशीला, चहा, नऊ पंचावन्नला अंगठा.
दुपारी 'आनंदी शिक्षक'.
पुण्याहून आलेले तज्ज्ञ म्हणाले, डोळे मिटा,
समुद्र आणा डोळ्यांसमोर.
मुखेडच्या लोहबंदेंनी एक डोळा उघडून विचारलं,
"सर, धरण चालंल का?"
मला हसायलाही बंदी.
खांदे तेवढे हलले.

तिसऱ्या दिवसापासून माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहीना.
बोलत नाही म्हटल्यावर
माणसं बोलायला येतात.

उदगीरच्या काझी नसीमा मॅडम.
मूल्यांकनाच्या फायली, सात निकष, नवरा डायलिसिसवर.
जेवणाच्या रांगेत ताट छातीशी धरून म्हणाल्या,
"आपा, वर्गात जाते ना,
ती अठ्ठेचाळीस मिनिटं मी बरी असते."
मग भात वाढून घेतला, आणि लिंबू विसरल्या.

देगलूरचे तोटावार. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण
सहा वर्षं कपाटात.
विषयच आता आवडत नाही, म्हणाले,
आणि इकडंतिकडं पाहिलं,
खिशातून काहीतरी पडल्यासारखं.

लोहबंदे सगळ्यात शेवटी. मागच्या कठड्यावर.
तासिका तत्त्वावर, अकरावं वर्ष,
या वर्गाची फी पदरची.
"मॅडम, सर म्हणले ना, कागदावर भीती लिहा.
मी 'एप्रिल' लिहिलं.
ते म्हणले, उन्हाचं भ्या वाटतंय? टोपी घाला.
समदे हसले. मीबी हसलो.
एप्रिलमधी तास संपतेत, मॅडम.
जुलैपस्तोर मी कुणाचाच सर नसतो.
मोंढ्यात मेव्हण्याच्या आडतीवर पट्ट्या लिहितो.
एखादं पोरगं येतंय बापासंगं हळद घेऊन,
'सर' म्हणतंय.
मी मान वर करत न्हाई."

उत्तर माझ्या घशापर्यंत आलं.
धीर धरा, जागा निघतील, तुमची गुणवत्ता आहे:
एकवीस वर्षं सगळ्यांना हेच देत आले,
खडूच्या पेटीतून खडू काढून द्यावा तसं.
ते गाठींपाशी अडकून बसलं.
बरं झालं.
पर्समधून पेन काढलं, काय लिहावं सुचेना.
"लिहू नका," लोहबंदे म्हणाले. "बसा फकस्त."

बसलो. धरणाकडून ओल्या गाळाचा वास येत होता.
चहावाल्या पोरानं कप गोळा केले,
आमचे दोन्ही तसेच भरलेले पाहून
परत ठेवून गेला.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा अर्ज.
'आपण कोणते कौशल्य आत्मसात केले?'
चार ओळींची जागा. मी कोरी ठेवली.
लिपिक म्हणाला, कोरं घेत नाही सिस्टिम.
मग लिहिलं: नाष्टा वेळेवर मिळाला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी,
लोहबंदेंचा फोन.
गाठी विरल्या होत्या, बोलायची परवानगी होती.
"हॅलो" म्हणाले, आणि थांबले.
तिकडून कुणी बोलेना.
मोंढ्यातला गलका, हमालाची हाळी,
काट्यावर पोतं आदळल्याचा आवाज,
त्याच्यामागं कुणीतरी घेतलेला श्वास.

उठून पंखा बंद केला.