बिनओझ्याचे बारा व्होल्ट

अहवाझ. दुपारचे दोन. पारा पन्नासच्या वर.
कारून नदीवरून येणारा वारासुद्धा तव्यावरून उतरलेला.
अब्बूदची पिवळी प्यूजो बॉनेट उघडून उभी,
आत कॉम्प्रेसर मुका.

इथे एसीला कूलर म्हणतात.
फ्यूज पाहिला, शाबूत.
कूलरचा रिले हॉर्नच्या जागी लावून बघितला,
हॉर्न गल्लीभर ओरडला, म्हणजे तोही निर्दोष.
गॅसचा दाब बरोबर.
क्लचचा कनेक्टर सोडवून दोन्ही टोकांना मीटर लावला:
बारा पूर्णांक चार.
"वीज पोचतेय, ओस्ताद. कॉइल जळलीय.
नवा कॉम्प्रेसर लागणार."

अब्बूदनं मनातल्या मनात काहीतरी वजा केलं.

जासेम ओस्तादनं चहाचा पेला टायरवर ठेवला.
"मीटर तारेकडून काही मागत नाही, हातेम.
काही न मागता विचारलंस तर
सगळेच म्हणतात, ठीक आहे."
हेडलाइटचा एक जुना बल्ब काढला,
एक तंतू तुटलेला, दुसरा जिवंत,
आणि त्याच दोन टोकांना जोडला.

बल्ब उजळला नाही.
लालसर झाला नुसता,
मीटर बारावरून पाचावर.

सात व्होल्ट परतीच्या वाटेवर हरवले होते.
वायपरच्या पाण्याच्या टाकीखाली, एका बोल्टापाशी,
धुळीनं आणि हिवाळ्यातल्या दवानं
तांबं हिरवं पडलेलं.
कित्येक तारांतल्या दोनच उरलेल्या,
केसाएवढ्या.
त्या दोघी मला बारा सांगत होत्या.

पॉलिश पेपर घासता घासता ओस्तादनं विचारलं,
"घरी कसं आहे?"
"अल्हम्दुलिल्लाह. ठीक."
पेपर दोनदा फिरला. तिसऱ्यांदा.
"डायलिसिसच्या दिवशी तिला खाली कोण आणतं?
तिसरा मजला ना?"
"मी. पाठीवर."
"आणि परत वर?"

आवाज आला, पण लालसर.
शब्द कळले नाहीत.
मी पाना शोधायचं निमित्त करून आत गेलो.

नवी आयलेट, नवा बोल्ट, वर ग्रीस.
किल्ली.
टक्.
इंजिन क्षणभर वाकलं,
ओझं घेतलं, सावरलं.

अब्बूदनं एकेक करून काचा वर केल्या
आणि बराच वेळ आतच बसून राहिला.
पैशाचं कुणी बोललं नाही.

ओस्ताद हात पुसत म्हणाला,
"शनिवारी दुकान उशिरा उघडू.
आधी दोघं त्या जिन्यापाशी जाऊ.
खुर्ची घेऊन ये,
ती हाताची, लोखंडी."