मिलो

बाहत्तर साली आई भिवघाटाच्या रस्त्यावर खडी फोडायची,
तेव्हा अमेरिकेत शेठ उरला नव्हता.
असं ऐवळे गुरुजी सांगायचे.
चौतीस साली म्हणे शिकागोच्या कसाईखान्यापासून सुरुवात झाली,
मग रेल्वे, मग बँका,
मग कॅन्ससातली धान्याची कोठारं.
पांढऱ्या घरात आता शिलाईवाल्या बायांची युनियन बसते,
हे ऐकून बायडाक्का तोंडाला पदर लावून हसली:
"मग भाकरी कोण थापतंय?"

पत्री सरकारात चिठ्ठ्या पोचवलेले दादू अण्णा
चिलीम झटकत म्हणायचे,
आमी चार तालुके धरले,
त्यांनी आख्खा मुलूख धरला.
आमच्या वस्तीवर आले की
पाणी नको म्हणायचे,
आत्ताच प्यालोय.

मिलो आली तांबड्या शिक्क्याच्या पोत्यांतून.
दोन हात, एकात एक,
खाली इंग्रजी.
गुरुजींनी लावून दाखवलं: विकण्यासाठी नाही.
रेशनवाल्या देशमान्यानं विकलीच,
किलोला चार आणे चढवून.
भाकरी तव्यावर जाईस्तोवर मोडायची.
पोत्याची चड्डी शिवली आईनं,
माझ्या ढुंगणावर ते दोन हात
शाळेत वर्षभर एकमेकांना धरून होते.

चिठ्ठी निघाली एका पोत्याच्या तळातून.
विल्मा नोवाक, गिरणी नंबर सहा, सलायना.
जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली गुरुजी मोठ्यानं वाचत गेले.
गिरणीत माणसं तीनशे, मालकही तीनशे.
मिटिंगा फार होतात, पाय दुखतात.
थोरला मुलगा तोतरा बोलतो.
बर्फानं छप्पर बसलं होतं, सगळ्यांनी मिळून उचललं.
आणि शेवटी एवढंच विचारलेलं:
तुमच्या गावातली विहीर कुणाची?

हातोडे जेवणासाठी आधीच थांबले होते,
तरी अजून काहीतरी थांबलं.
मुकादम म्हणाला, चला, वेळ झाली.
झाली नव्हती.

रात्री आईनं सांगितलं, गुरुजींनी लिहिलं,
मी कंदील धरला.
लिवा, म्हणाली, इहिरी दोन.
एकीत पाणी हाय,
एक आमची हाय.
लिवा, पोराला येखंड उगाळून चाटव म्हणावं.
पाकिटात वेखंडाचा तुकडाही घातला.
गुरुजी त्यापुढंही बराच वेळ लिहीत होते.
ते त्यांनी वाचून दाखवलं नाही.

उत्तर अकरा महिन्यांनी आलं,
तोवर ओढ्याला पाणी वाहून गेलं होतं.
तुकडा पोस्टातच कुठंतरी काढून घेतला,
पोरगा अजून अडखळतो.
नळ आता सगळ्यांना एकच आहे, विल्मानं लिहिलं होतं,
पण काळ्या बाया रांगेत मागंच उभ्या राहतात.
कुणी सांगत नाही त्यांना.
मीही कधी सांगितलं नाही
की पुढं या.

आई म्हणाली, ह्ये मी कुठं इचारलं व्हतं?
गुरुजी कंदिलाची वात
उगीच खालीवर करत राहिले.