पोपटाच्या चोचीखाली

यादिरा ओकासिओच्या हातात एक काठी असते.
टोकाला पिवळा पोपट रंगवलेला,
पंखांचे पोपडे उडालेले.
चोचीखाली जो राहील
त्याला ड्रॅगनवर बसता येणार नाही.
चाळीस इंच.
या पार्कमधला हा एकच आकडा
सोळा वर्षांत वाढलेला नाही.

बाकी सगळं वाढलं.
तिकीट, गाडी उभी करायचे पैसे, पाण्याची बाटली,
ऑर्लँडोचं ऊनसुद्धा.
रांग टाळायची तर वेगळं तिकीट,
आणि ते काढणाऱ्यांचीच आता
इतकी लांब रांग
की कुणी कुणाला टाळलं, हे कुणालाच सांगता येत नाही.
मासळीबाजार उठायला आला की
भाव पडतो निदान.
इथे संध्याकाळी काहीच शिळं होत नाही.

हायवेच्या पलीकडे दुसरं पार्क.
तिथे तिचा नवरा, एफ्राईन, होड्या सोडतो.
त्याचा शर्ट निळा, तिचा जांभळा,
धुलाईयंत्र एकच.
एकदा निळा उतरला तिच्या कॉलरवर,
सकाळी सुपरवायझरने बोट ठेवून विचारलं,
हा कोणाचा रंग?
जणू तिने कुठे तोंड काळं केलं होतं.

जेवताना दोघं आकडे काढतात.
आज तुमच्याकडे किती?
ड्रॅगनला दोनशे दहा मिनिटं.
आमच्याकडे एकशे नव्वद, तो म्हणतो,
आणि त्याचा चेहरा जरासा पडतो,
ती त्याला भाताची खरपुडी वाढते, कडेची, कुरकुरीत.
इकडे मंगळवारी भाव वाढला
की तिकडे गुरुवारी वाढतो.
पाडायला कुणीच जात नाही.
असली कसली ही कुस्ती,
दोन्ही पैलवान एकाच बाजूला पळतात
आणि धाप लागते बघणाऱ्यांना.

ऑगस्टमधली दुपार.
अलाबामाहून आलेला एक बाप,
नखांत फरशीचा सिमेंट,
कडेला मुलगा, बगळ्यासारखा
पाय उचलून उचलून टाकणारा.
चोच केसांना लागली. लागली की नाही?
यादिरा वाकली. बुटाची नाडी सोडली.
आत पार्कचाच नकाशा,
आठ घड्या घालून टाचेखाली.
दुसऱ्या बुटात दुसरा.

मागे दोनशे माणसं.
कुणाच्या तरी हातातलं आइसक्रीम
मनगटावरून कोपराकडे निघालेलं.
बाप काहीच म्हणाला नाही.
मुलगा मोज्यांवर उभा, पोपटाकडे बघत,
पोपट त्याच्या वरून पलीकडे बघत.
सोडावं का, असं तिला वाटलं. वाटलंच.
पण तो पट्टा खांद्यावर कुठे येतो
ते तिला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी या हं, ती म्हणाली.
असंच म्हणायचं, हसून, असं शिकवलेलं आहे.
पुढच्या वर्षी हा वाढेल, बाप म्हणाला.
मग नकाशे उलगडून
त्याने मांडीवर सरळ केले,
घामाने ड्रॅगन पुसला गेला होता,
स्वच्छतागृहं तेवढी दिसत होती.
तिकीटही वाढेल, तो म्हणाला,
रागाने नाही,
हवामान सांगावं तसं.

हे तिने घरी सांगितलं नाही.
दारात झुलेइका उभी होती, हातात पाकीट.
वसंतात तिसरं पार्क उघडतंय,
या दोघांहून मोठं म्हणे,
तासाला सव्वा डॉलर जास्त.
चौकटीवर पेन्सिलच्या जुन्या रेघा,
सर्वांत वरची झुलेइकाच्या कानापाशी.
काय काम देतायत?
अजून कळलं नाही. काठीचं असेल.

पाकिटातून शर्ट निघाला. नारिंगी.
एफ्राईनने तो उजेडात धरला,
अंगठा ओला करून शिवणीपाशी घासला,
अंगठा बघितला.

हा वेगळा धुवायचा, तो म्हणाला.