डाव्या भिंतीची रेघ

सव्वासहा. बांबोळीच्या पठारावर
रात्रपाळीच्या स्कूटर अजून दवाने ओल्या.
तळघरात मी चपला बदलते
आणि रिकाम्या टेबलाच्या टोकाशी
पोलादी गोळी बसवते, वाटाण्याएवढी.
आज पहिला रुग्ण हीच. हिला काही दुखत नाही.

भिंतींतून हिरव्या रेघा निघतात,
गोळीवर एकमेकींना छेदतात.
डोळ्यांना सगळं जागेवर दिसतं.
डोळ्यांना इथे कोण विचारतो?

दार लागतं. यंत्राचा जड हात फिरतो:
शून्य, नव्वद, एकशेऐंशी, दोनशेसत्तर.
प्रत्येक थांब्याला एक चित्र,
किरणांच्या चौकोनात गोळीची सावली.
वरून बघा, खालून बघा, अगदी मधोमध.
कुशीवरून मात्र, दोन्ही कुशींवरून,
जराशी खाली.
शून्य पूर्णांक चार मिलिमीटर.

एकपर्यंत चालतं. वहीत तसं लिहिलंय,
माझ्याआधीच्या कुलासो सरांच्या अक्षरात.
पण गेल्या सोमवारी दोन होतं,
आणि शुक्रवारी
दिवाडीचे पुंडलिक च्यारी टेबलावर आडवे होता होता
एक डोळा मिटून भिंतीकडे बघत राहिले होते,
फळीची धार बघावी तसे.
उरलेल्या आवाजात म्हणाले,
"बाय, ही रेग सकयल गेल्या."
मी हसले. म्हटलं, उजेड आहे तो, लाकूड नव्हे.

पहिल्या दिवशी त्यांनीच विचारलं होतं, कितलें चुकता?
मी नखाची कड दाखवली.
"आमची करवतच ताचे परस चड खाता,"
असं म्हणून गप्प झाले, गळ्यावर हात ठेवून.
चाळीस वर्षं दारं केली त्यांनी.
पावसात फुगून अडणारं एकही नाही, म्हणाले.
तेही मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

स्टुलावर चढते. डाव्या भिंतीवरच्या पेटीचा स्क्रू
पाव फेऱ्याहून कमी.
पुन्हा गोळी, पुन्हा चार चित्रं.
शून्य पूर्णांक एक.
वहीत लिहिते: डावा लेसर घसरला होता, दुरुस्त केला.
कुणाच्या लक्षात आलं, याला रकाना नाही.
समासात लिहावं का, या विचारात
पेन थोडा वेळ तसंच.

आठला ते येतात. एकतिसावी वेळ.
चेहऱ्यावर जाळीचा साचा बसतो, खटके लागतात.
मान हलवता येत नाही, बोलायला मनाई.
जाळीआड एक डोळा
मिटतो,
डाव्या भिंतीकडे जरा जास्तच वेळ.

मी बाहेर जाऊन दार लावते.